टॅम्पिनीसमध्ये पाहिलेली चिनी लढाई

सिंगापूरहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी खरं ते सांगते. एक चिनी लढाईचा सिनेमा पाहिला, तोही दोनदा. लोक हसतात आणि मग जरा काळजीने विचारतात, "म्हणजे बाकी काहीच नाही?" पाहिलं की. बागा पाहिल्या, समुद्र पाहिला, काचेच्या घुमटाखाली वाढवलेली थंड हवेची झाडं पाहिली. पण त्यांचे फोटो हल्ली सगळ्यांकडेच असतात. त्या सिनेमाची गोष्ट माझ्याशिवाय कुणाकडे नाही, म्हणून तीच सांगते.

मुळात जायची होती माझी ताई. तिची मुलगी मुग्धा सिंगापुरात नोकरी करते. सिनेमात जे खरोखर घडवता येत नाही, म्हणजे पूर, आगी, कोसळणारे पूल, ते संगणकावर तयार करायचं हे तिचं काम. तिथेच तिला वेई मिंग भेटला. तिथलाच चिनी मुलगा, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट, बोलण्यापेक्षा हसणारा जास्त. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. ताईचा होकार होता. दाजींचा, म्हणजे ताईच्या यजमानांचा, नकार नव्हता, पण होकारही नव्हता. "आधी माणसं बघू," एवढंच ते म्हणत आणि वर्तमानपत्र उघडत.

तर माणसं बघायला दोघांनी जायचं ठरलं, आणि निघायच्या आठवड्यातच ताई ओल्या फरशीवरून घसरली. पाय प्लास्टरमध्ये. "तू जा त्यांच्याबरोबर," ती पलंगावरून मला म्हणाली. "हे एकटे गेले तर बोटीच्या गोष्टी सांगून परत येतील आणि मुद्द्याचं राहूनच जाईल."

दाजी निवृत्त मरीन इंजिनीअर. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेला, त्यामुळे ते साधं बोलले तरी शेजारच्या घरात ऐकू जातं. सिंगापूर बंदरात ते कितीतरी वेळा येऊन गेले होते. "सिंगापूर मला पाठ आहे," असं त्यांनी विमानात मला, पलीकडच्या प्रवाशाला आणि चहा देणाऱ्या मुलीलाही सांगितलं. उतरल्यावर कळलं की त्यांना पाठ होती ती धक्क्याची बाजू. मेट्रोच्या फाटकात त्यांनी कार्ड उलट्या बाजूच्या खांबाला लावलं, शेजारच्या बाईंसाठी फाटक उघडलं आणि दाजी तिथेच उभे राहिले.

टॅम्पिनीस

मुग्धा टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. उंच उंच इमारती, खाली मोकळी फरसबंद जागा, तिथे दगडी टेबलांवर पत्ते खेळणारे म्हातारे. खिडकीतून बांबू बाहेर काढून त्यांवर कपडे वाळत घालतात. बाराव्या-तेराव्या मजल्यावरून लुंग्या आणि शाळेचे गणवेश असे आडवे फडफडताना पाहून मला फार आनंद झाला. इतक्या टापटीप शहरात कुणाचे तरी कपडे वाळत आहेत, म्हणजे इथे माणसं राहतात.

रविवारी दुपारी वेई मिंगच्या आईवडिलांची भेट ठरली होती. आधी हॉकर सेंटरमध्ये जेवण आणि मग जवळच्या मॉलमध्ये सिनेमा. सिनेमा मुग्धाचा होता. म्हणजे होता चीनमधल्या मोठ्या कंपनीचा, पाण्यासारखा पैसा ओतलेला, जपान्यांशी झालेल्या लढाईवरचा. पण त्यातलं काही काम तिच्या ऑफिसकडे आलं होतं आणि तिची दोन वर्षं त्यात गेली होती. त्याचं चिनी नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. आम्ही घरात त्याला मुग्धाचा सिनेमा असंच म्हणत होतो.

हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली पन्नास टपऱ्या आणि मध्ये मांडलेली टेबलं. गर्दी म्हणजे जत्रा. मुग्धा आणि वेई मिंग जेवण आणायला रांगेत गेले आणि आम्हाला टेबल शोधायला सांगितलं. दाजींना एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं एक पाकीट पडलं होतं. "लोक कचरा कसा टाकतात बघ, आणि म्हणे स्वच्छ शहर," असं म्हणून त्यांनी ते पाकीट उचलून डब्यात टाकलं आणि ऐसपैस बसले.

थोड्या वेळाने हातात ट्रे घेऊन एक गृहस्थ आले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. मागे त्यांची बायको, अंगात इतक्या उकाड्यात लोकरीचं जाकीट. गृहस्थ टेबलाकडे बघत राहिले, मग आमच्याकडे.

"माझा टिशू कुठे आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी टाकला," दाजी अभिमानाने म्हणाले.

तेवढ्यात मुग्धा धावत आली. चेहरा पांढराफटक. "बाबा! ते पाकीट जागा धरायला ठेवतात इथे. आणि हे... हे मिस्टर लिम आहेत. वेई मिंगचे डॅडी."

मला आपल्या एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आठवला. समजा आपण कुणाचा तो रुमाल रस्त्यावर फेकून दिला आणि तो निघाला मुलीच्या भावी सासऱ्याचा! मी घाईघाईने मोडक्या इंग्रजीत हा एसटीचा रिवाज सांगितला. मिस्टर लिम गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बसच्या खिडकीतून? आमच्यापेक्षा भारी ला." तो 'ला' म्हणजे आपल्या 'ना'सारखा, तिथे वाक्याच्या शेवटी सहज लावतात. मग त्यांनी खिशातून दुसरं पाकीट काढून दाजींच्या हातावर ठेवलं. "हे तुमच्यासाठी. पुढच्या वेळी वापरा."

मिसेस लिमना मुग्धा आंटी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी शाकाहारी म्हटल्यावर आंटी स्वतः उठून कुठूनशी एक ताटली घेऊन आल्या. तांदळाच्या बारीक शेवया आणि वर मटणाचे हुबेहूब तुकडे. मी ताटली हळूच मागे सरकवली. आंटींनी माझ्या हातावर थोपटून सांगितलं, "सोया, सोया! देवळातल्या भिक्खूंचं जेवण." खाल्लं. चव मटणाची असावी. मला काय माहीत? दाजींनी एक तुकडा उचलून "अगदी तस्संच" असा दाखला दिला.

मग सिनेमा. आंटींचं जाकीट कशासाठी होतं ते आत शिरल्यावर कळलं. सिंगापूरमधली थिएटरं अशी गार असतात की बर्फाचा देखावा पडद्यावर येण्याआधीच आपले दात वाजायला लागतात. गोष्ट साधी होती. हिवाळा, गोठत चाललेली नदी, एक पूल, आणि तो सकाळपर्यंत राखायचा हुकूम मिळालेली सैनिकांची एक तुकडी. पलीकडून जखमींनी भरलेली आगबोट यायची असते. तिच्यासाठी हे सगळे मरतात. मध्ये मध्ये भाषणं होती. मरणारा प्रत्येकजण मरण्याआधी बोलत होता, आणि बराच वेळ बोलत होता. पण आवाज! तोफगोळा पडला की खुर्ची हलायची, आणि आमच्या मागे बसलेल्या आजीबाई प्रत्येक वेळी "आयो" म्हणायच्या. ते मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

शेवटी ती आगबोट धुरातून बाहेर आली. संगीत चढलं. आंटी रडत होत्या, मागच्या आजी रडत होत्या, माझेही डोळे भरून आले होते. अशा वेळी माझ्या डाव्या बाजूला दाजी फस्सकन हसले. मी चमकून पाहिलं तर त्यांच्या पलीकडे बसलेले मिस्टर लिमही हसत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तर त्यांना आवरेचना. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून दोघांना डोळ्यांनी भाजून काढलं.

बाहेर कॉफीच्या दुकानात बसल्यावर ज्याने त्याने आपलं मत सांगितलं. आंटींना सिनेमा फार आवडला होता. नायकाचं नाव काढलं की त्या पुन्हा रुमाल शोधत. वेई मिंगला लढाई आवडली, भाषणं नाही. दाजी आणि मिस्टर लिम मात्र आधी एकमेकांशीच बोलत होते.

"झेंडा बघितलात?" दाजींनी विचारलं.

"बघितला! झेंडा मागे उडतोय."

"आणि धूर?"

"पुढे!" मिस्टर लिमनी टेबलावर हात मारला. "वारा दोन ला. एक झेंड्याला, एक धुराला."

"आणि एवढा काळाकुट्ट धूर म्हणजे बॉयलर बोंबललाय. ती बोट धक्का सोडणारच नाही!"

तेव्हा कळलं की मिस्टर लिम आयुष्यभर तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होते. दोघांचे चेहरे असे उजळले होते, जणू जत्रेत हरवलेले भाऊ भेटलेत. मी मनात म्हटलं, ताई, जमलं गं सगळं.

"ती बोट माझी होती, बाबा," मुग्धा म्हणाली.

ती हळूच म्हणाली, म्हणून पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग तिने पुन्हा सांगितलं. "बोट, धूर, नदी. तो पूर्ण सीन माझा होता. माझ्यामागे सगळे रडत होते आणि माझ्या शेजारी तुम्ही दोघे हसत होतात."

तिने पर्स उचलली आणि निघून गेली. वेई मिंग तिच्यामागे धावला. आंटींनी मिस्टर लिमना चिनीमध्ये काहीतरी सुनावलं. भाषा कळली नाही, पण प्रत्येक शब्द समजला.

बुओना व्हिस्टा

दुसऱ्या दिवशी मुग्धाने मला ऑफिस दाखवायला नेलं. दाजींना बोलावलं नाही. सकाळी चहा पिताना ती त्यांच्याशी बोलली, पण "साखर?" आणि "डबा फ्रिजमध्ये आहे" एवढंच.

मेट्रोत तिने फोनवर मला सिनेमाबद्दल लिहून आलेलं वाचून दाखवलं. कुणी डोक्यावर घेतला होता, कुणी म्हटलं होतं की नुसते झेंडे आणि भाषणं. चीनमध्ये लोक थिएटरात उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे, आणि सिंगापुरातली कॉलेजची मुलं भाषणांची नक्कल करून फिरवत होती. "लोकांचं मला काही वाटत नाही मावशी," ती म्हणाली. "दोन वर्षं आम्हीच त्या भाषणांना हसलोय. पण बाबांना मला पहिल्यांदा काहीतरी दाखवायचं होतं. मी काय करते ते त्यांना कधी कळलंच नाही. जहाज म्हणजे त्यांच्या ओळखीची गोष्ट, म्हणून मी तो सीन मागून घेतला होता."

"मग धूर गं?"

"मी मागेच सोडला होता! झेंड्याच्या दिशेने. दिग्दर्शकाला तो पुढे हवा होता, नायकाच्या तोंडावरून जाणारा. आणि काळा. मी राखाडी करून पाठवायची, तो परत पाठवायचा. अजून काळा, अजून काळा."

बुओना व्हिस्टाला तिचं ऑफिस. काचेची इमारत, भोवती इतकी झाडं की काच कुठे संपते आणि पानं कुठे सुरू होतात ते कळू नये. पाहुण्यांच्या खोलीत तिने मला संगणकावर एक दृश्य दाखवलं. "हे सिनेमा लागल्यावर दाखवायची परवानगी मिळाली. हे आधीचं, आणि हे नंतरचं."

आधीच्या दृश्यात जाडजूड गोधड्यांसारखे कोट घातलेले सैनिक एका खंदकात ओळीने बसले होते आणि घामाने निथळत होते. एकजण टोपीने वारा घेत होता. शूटिंग भर उन्हाळ्यात झालं होतं. बर्फ म्हणजे कागदाचा चुरा. मग तिने नंतरचं दाखवलं. तेच सैनिक, तोच खंदक, पण प्रत्येकाच्या तोंडातून वाफ येत होती, आणि बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. फक्त वाफेने उन्हाळ्याचा हिवाळा झाला होता.

"हे तू केलंस?"

"सगळ्यांचे श्वास मी केलेत," ती म्हणाली. "प्रत्येकाचा वेगळा. हा घाबरलाय, म्हणून भराभर. याला झोप लागतेय. हा म्हातारा आहे, त्याची वाफ पातळ. आता शेवटच्या माणसाकडे बघ."

मी पाहिलं. ओळीच्या टोकाला एक पोरगेला सैनिक भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या तोंडातून वाफ आली. पुन्हा आली, जरा कमी. मग नाही आली. बाकीचे सगळे श्वास घेत होते. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दृश्य संपलं.

"मेला?" मी विचारलं.

"हो. सिनेमात कुणी काही बोलत नाही त्याच्याबद्दल. मी सुचवलं होतं आणि दिग्दर्शकाने ठेवलं. अख्ख्या सिनेमात ज्याला भाषण नाही असा तो एकटाच." तिने संगणकावरचं दृश्य बंद केलं. "कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुझ्याही नाही, ना?"

नव्हतं आलं. त्या वेळी मी पर्समध्ये शाल शोधत होते.

तुआस

इकडे दाजींचा दिवस मजेत गेला होता. मिस्टर लिम त्यांना आपल्या जुन्या गाडीत घालून थेट बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसला घेऊन गेले. आत सोडणं शक्य नव्हतं, पण कुंपणाबाहेरून क्रेन दिसत, जहाजं दिसत. दोघांनी म्हणे तासन्‌तास उन्हात उभं राहून कुठल्या जहाजाला काय झालं असेल याचा अंदाज बांधला. दाजी नाकाचा शेंडा भाजून संध्याकाळी परत आले आणि बूट काढायच्या आधीच सांगू लागले, "माणूस हिरा आहे गं! अगं, त्याने एका जहाजाचा नुसता आवाज ऐकून..."

"दाजी, बसा," मी म्हटलं.

मुग्धा अजून ऑफिसातच होती. मी त्यांना सगळं सांगितलं. तिने तो सीन का मागून घेतला होता ते. धुराचं खरं काय होतं ते. सैनिकांच्या श्वासांची वाफ तिने केली तेही, फक्त शेवटच्या माणसाचं सोडून.

"पण मी चुकीचं काय बोललो?" ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीपेक्षा बराच खाली होता.

"चुकीचं काही नाही बोललात. पोरीने अंगणभर रांगोळी काढली आणि तुम्ही दोघांनी मिळून फरशीची फट दाखवलीत."

बाहेर बांबूवरचे कपडे कुणीतरी आत ओढून घेत होतं. मग त्यांनी विचारलं, "वाफ म्हणालीस? श्वासाची?"

"हो. पण मी यापुढे काही सांगणार नाही."

त्यांनी फोन उचलला. "हॅलो, मिस्टर लिम? तो सिनेमा अजून लागलाय का हो?"

पुन्हा टॅम्पिनीस

आठवड्याच्या मधल्या दिवशी, मुग्धा आणि वेई मिंग कामावर असताना, आम्ही चौघे गुपचूप दुसऱ्यांदा गेलो. दाजींनी आग्रहाने टॅक्सी केली. टॅक्सीवाला चिनी आजोबा. कुठला सिनेमा म्हणून त्याने विचारलं आणि नाव ऐकून मान हलवली. "मारामारी चांगली. बोलणं फार. माझी बायको मेलेल्यांना मोजत बसली, मी झोपलो."

थिएटर जवळजवळ रिकामं. निवृत्त मंडळी, शाळा बुडवून आलेली असावी अशी एक जोडी, आणि आम्ही. आंटींनी या खेपेला माझ्यासाठीही एक जाकीट आणलं होतं आणि डब्यात कापलेले पेरू. पहिला तोफगोळा पडायच्या आधीच त्यांनी रुमाल मांडीवर घेतला. पुढचं ठाऊक होतं ना त्यांना.

मी दोन्ही पुरुषांना एवढंच सांगितलं होतं की माणसांच्या तोंडाकडे बघा. ते दोघे चष्मे पुसून असे बसले होते जणू परीक्षा आहे. भाषणांच्या वेळी दाजी चुळबुळ करायचे. मिस्टर लिम हलत नव्हते.

खंदक आला. पहाटेचा निळा उजेड, ओळीने बसलेली माणसं. कुणी बोलत नव्हतं. एवढ्या गोंगाटाच्या सिनेमात ती शांतता पहिल्या वेळी मला जाणवलीच नव्हती. वाफ येत होती, जात होती. कॅमेरा हळूहळू सरकत टोकाकडे गेला.

"शेवटचा," मिस्टर लिम कुजबुजले.

"काय?"

"शेवटचा माणूस. थांबला."

दाजी पुढे वाकले. त्यांचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला. दृश्य बदललं, पुन्हा तोफा सुरू झाल्या, पण ते तसेच वाकून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग पुन्हा पुसला.

आगबोट आली, धूर पुढे आला, झेंडा मागे उडाला. या खेपेला कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मिस्टर लिम म्हणाले, "पहिल्या वेळी मी सगळी भाषणं ऐकली, तो पूल पडताना बघितला, आणि मला तो न बोलणारा पोरगा दिसला नाही. डोळे तपासायला हवेत ला."

"दोघांचे," दाजी म्हणाले.

शनिवारी माझा उपास होता. येताना थोडा साबुदाणा बरोबर आणला होता, सकाळीच भिजवून खिचडी टाकली. दाण्याचं कूट, जिरं, हिरवी मिरची. वास जिन्यापर्यंत गेला असणार. तेवढ्यात बेल वाजली. दारात मिस्टर लिम, आंटी आणि वेई मिंग. सिंगापुरात न सांगता कुणी कुणाकडे जात नाही असं मुग्धानेच मला बजावलं होतं, त्यामुळे ती गडबडली. मिस्टर लिमच्या हातात डोक्याएवढा पपनस होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"तो शेवटचा माणूस," ते म्हणाले. "भिंतीला टेकलेला. तोच सगळ्यांत आधी मेला, बरोबर?"

मुग्धाने पपनस घेतलाच नाही. "तुम्ही... कधी बघितलं?"

"बुधवारी. पुन्हा गेलो होतो. तुझे डॅडी, मी, सगळे."

"आधी यांना दिसलं," दाजी मागून म्हणाले. खोटं श्रेय घ्यायची त्यांना सवय नाही. "मला यांनी दाखवलं. पण मग मला रात्रभर तोच दिसत होता गं. तू... फार बारकाईनं केलंयस, मुग्धा. इंजिन उघडून बघितल्यासारखं."

यापेक्षा मोठी शाबासकी दाजींकडे नाही. मुग्धाला ते ठाऊक होतं. तिने पपनस घेऊन टेबलावर ठेवला आणि आधी बाबांच्या, मग मिस्टर लिमच्या गळ्यात पडली. मिस्टर लिमना या प्रकाराची सवय नसावी. ते दोन्ही हात बाजूला धरून खांबासारखे उभे राहिले, मग एका हाताने तिच्या पाठीवर थाप मारली.

"बोट अजूनही चूकच आहे हं," ते म्हणाले.

"माहितीये!" ती हसत, डोळे पुसत ओरडली. "दिग्दर्शकाला सांगा!"

मग सगळे जेवायच्या टेबलाशी बसले. मी सगळ्यांना खिचडी वाढली. मिस्टर लिमनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. "छान आहे. हे काय? सेगो?"

"नाही, नाही," दाजींना माहिती द्यायला नेहमीच आवडतं, "हा साबुदाणा. सेगो झाडाच्या खोडातून काढतात, हा टॅपिओकाच्या कंदापासून करतात."

चमचा हवेत थांबला. आंटींनी झटकन नवऱ्याकडे पाहिलं. वेई मिंगही खायचा थांबला. मला वाटलं, झालं, यांना याचं वावडं असणार.

"माझ्या वडिलांनी आमच्या घरात टॅपिओका कधी येऊ दिला नाही," मिस्टर लिम सावकाश म्हणाले. "महायुद्धात जपानी इथे आले तेव्हा ते लहान होते. तांदूळ नव्हता. सकाळी टॅपिओका, रात्री टॅपिओका. लढाईबद्दल त्यांनी आम्हाला कधीच काही सांगितलं नाही, फक्त हे. बाजारात तो दिसला तरी ते रस्ता ओलांडून जायचे. म्हणून मला ती भाषणं आवडली नाहीत. भुकेला माणूस एवढं बोलत नाही."

मी ताटली उचलायला हात पुढे केला. "राहू द्या, मी दुसरं काही करते. मला माहीत नव्हतं."

त्यांनी ताटलीवर हात ठेवला. "तुम्ही हे रोज खाता?"

"रोज नाही. उपासाला खातो."

"उपास म्हणजे?"

"देवासाठी जेवायचं नाही, तो दिवस," मुग्धाने सांगितलं.

मिस्टर लिमनी तिच्याकडे पाहिलं, मग तुपात चमकणाऱ्या, दाणे पेरलेल्या, वर कोथिंबीर भुरभुरलेल्या खिचडीकडे पाहिलं. "हे तुमचं न जेवणं?" त्यांनी विचारलं. आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून, थिएटरातल्यासारखं. आंटी हसल्या, वेई मिंग हसला. "माझ्या बाबांना कुणी असं करून घातलं असतं तर ते रस्ता ओलांडून इकडे आले असते ला," असं म्हणून त्यांनी ताटली पुढे केली. "अजून थोडं. मिरची असलेलं."

तेवढ्यात सांगलीहून ताईचा फोन आला. रोज याच वेळेला येतो. दाजींनी तो समोर धरला. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बसलेली ताई दिसली.

"काय चाललंय?" तिने विचारलं. "घरात कोण आहे एवढं?"

"काही नाही गं," दाजी म्हणाले. "व्याही आलेत. खिचडी खातायत."

ताई फोनच्या अगदी जवळ आली. इकडे मुग्धाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. वेई मिंगला एवढं मराठी येत असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"कोण आलेत म्हणालात?" ताईने विचारलं. "इकडे आवाज नीट येत नाही. परत सांगा."

आवाज अगदी नीट येत होता. दाजींनाही ते कळलं असावं. पण त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि इंजिन रूममध्ये ओरडावं तसं, टॅम्पिनीसच्या त्या इमारतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ते पुन्हा म्हणाले, "व्याही!"